टॅग खिशात, लांडगा रानात

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने लांडग्याला मारायला बंदी आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मात्र त्याच्या शिकारीचा रीतसर परवाना मिळतो. परवान्याबरोबर येतो टॅग. टॅग म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायची चिठ्ठी.

मोंटानात असा पहिला हंगाम २००९ साली झाला. मर्यादा होती ७५ लांडग्यांची आणि स्थानिक माणसाला परवाना अवघा १९ डॉलरला. पंधरा हजारांहून अधिक परवाने खपले! मारले गेले ७२. लांडगा सहजासहजी समोर येत नाही. कित्येक जण निघतात ते एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या मागे. वाटेत लांडगा दिसलाच तर असावा म्हणून टॅग खिशात. काहींनी तो गुरे मारणाऱ्या जनावरावरच्या रागापोटीही घेतला असेल.

म्हणून परवाने कितीही विकले तरी चालते, असे मात्र नाही. विस्कॉन्सिन राज्यात फेब्रुवारी २०२१मध्ये परवानाधारकांसाठी ११९ची मर्यादा होती. तीन दिवस पुरते होण्याआधीच २१८ लांडगे मारले गेले. ताजे बर्फ पडलेले, त्यावर पावलांचे ठसे स्पष्ट, शिवाय माग काढणारे कुत्रे. शिकार झाल्याचे कळवायला चोवीस तासांची मुदत आणि हंगाम बंद करण्याआधी आणखी चोवीस तासांची सूचना कायद्यानेच बंधनकारक! तेवढ्या वेळात बंदुका थोड्याच थांबतात? त्यात हा लांडग्यांच्या विणीचा काळ.

पुढच्याच फेब्रुवारीत फेडरल न्यायालयाने विस्कॉन्सिनमधल्या लांडग्यांना पुन्हा संरक्षण दिले. मोंटानाला तो निकाल लागू नव्हता.