कुत्रा आणि कोंबडी एका अंगणात नांदतील?

शहराच्या धकाधकीला कंटाळलेल्या माणसाचे स्वप्न बहुधा सारखेच असते. गावाबाहेर थोडी जागा, छोटेसे घर, परसात आठ-दहा गावरान कोंबड्या आणि राखणीला एक कुत्रा. मुंगूस, रानमांजर, घार यांच्यापासून कोंबड्यांचे रक्षण कुत्रा करील, अशी मालकाची अपेक्षा असते. मग एके दिवशी सकाळी दार उघडावे, तर अंगणभर पिसे पसरलेली असतात. एकही कोंबडी खाल्लेली नसते. सगळ्या नुसत्याच मारून टाकलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये घरचा लाडका कुत्रा शेपटी हलवीत उभा असतो. त्यानंतर कुत्र्याच्या वाट्याला येतो तो बेदम मार, कायमची साखळी किंवा लांब कुठेतरी नेऊन सोडून देणे. कोंबड्या जातात आणि कुत्राही जातो. थोडी माहिती आधी करून घेतली, तर हे दोन्ही टाळता येते.

पोट भरलेला शिकारी

भूक आणि शिकार यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो. लांडग्याची शिकार ही एक साखळी असते. सावज हेरणे, त्यावर नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे, ठार मारणे आणि शेवटी फाडून खाणे. माणसाने कुत्र्याच्या निरनिराळ्या जाती घडविताना या साखळीतल्या काही कड्या बळकट केल्या, तर काही दुबळ्या केल्या. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी राखणीच्या आणि मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास करून ही मांडणी लोकांसमोर ठेवली. यातली प्रत्येक कडी कुत्र्याला स्वतंत्रपणे आनंद देते. म्हणूनच पोटभर जेवलेला कुत्राही फडफडणाऱ्या कोंबडीमागे धावतो. एक निपचित पडली, की तो दुसरीकडे वळतो. कारण त्याला हवी असते ती हालचाल. बंद खुराड्यात कोंबड्यांना पळायला जागा नसते आणि त्यांची फडफड थांबत नाही. त्यामुळे एकाच रात्रीत सगळा कळप संपतो.

जात तशी खोड

कोणता कुत्रा कोंबड्यांशी कसा वागेल, याचा पहिला अंदाज त्याची जात कोणत्या कामासाठी घडविली गेली, यावरून बांधता येतो.

लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर बंदुकीने टिपलेले पक्षी तोंडात अलगद धरून मालकाकडे आणण्यासाठी घडविले गेले. त्यांचा जबडा हळुवार असला, तरी पक्ष्याचे आकर्षण त्यांच्या रक्तात आहे. लॅब्राडोर कोंबडी ‘भेट’ म्हणून घेऊन येतो. पण तेवढ्या धसक्यानेही ती दगावू शकते. मात्र ही जात शिकवणीला चांगला प्रतिसाद देते.

जर्मन शेफर्ड आणि बॉर्डर कोली हे मूळचे मेंढ्या हाकणारे. कोंबड्यांना वळवून एका कोपऱ्यात गोळा करणे त्यांना आवडते. यात कोंबड्या मरतातच असे नाही. पण सततच्या ताणामुळे त्यांचे अंडी घालणे कमी होते.

दख्खनच्या पठारावरील कारवानी कुत्रा आणि मुधोळ हाउंड हे नजरेच्या बळावर ससा गाठणारे. समोर काही पळाले, की मालकाची हाक त्यांच्या कानापर्यंत पोहोचत नाही. अनेक टेरियर उंदीर-घुशींचा फडशा पाडण्यासाठी घडविलेले असल्यामुळे सावज पकडताच झिंझाडून मारतात. सायबेरियन हस्कीची शिकारी वृत्तीही तीव्र असते. अशा कुत्र्यांना कोंबड्यांमध्ये मोकळे सोडणे म्हणजे संकटाला आमंत्रणच.

दुसऱ्या टोकाला इटलीचा मरेम्मा, पिरेनीज पर्वतातील ग्रेट पिरेनीज यांसारखे कळपाचे राखणदार आहेत. शिकारीची साखळी त्यांच्यात जवळजवळ निद्रिस्त असते. ऑस्ट्रेलियातील वॉर्नमबूल या गावाजवळच्या एका छोट्या बेटावर ओहोटीच्या वेळी कोल्हे चालत जात आणि तेथील पेंग्विनांचा फडशा पाडीत. 2005 च्या सुमारास तेथे जेमतेम दहाच्या आत पेंग्विन उरले होते. अ‍ॅलन मार्श या स्थानिक कोंबडीपालकाचे मरेम्मा कुत्रे त्याच्या कोंबड्या कोल्ह्यांपासून राखत असत. तेच पेंग्विनांनाही राखतील, ही कल्पना त्यातूनच पुढे आली. 2006 पासून बेटावर मरेम्मा ठेवण्यात आले आणि पेंग्विनांची संख्या पुन्हा वाढू लागली. याच घटनेवर 2015 मध्ये ‘ऑडबॉल’ हा चित्रपट निघाला. अर्थात, हे राखणदारही जन्मतः शहाणे नसतात. दोन वर्षांचे होईपर्यंत ते खेळाच्या भरात कोंबडी मारू शकतात.

गावच्या अंगणातला धडा

कोकणात किंवा घाटावरच्या एखाद्या खेड्यात गेल्यास वेगळे दृश्य दिसते. उंबऱ्याशी गावठी कुत्रा झोपलेला असतो आणि त्याच्या नाकासमोरून कोंबडी आपली पिल्ले घेऊन निवांत जाते. त्याला कोणी मुद्दाम शिकविलेले नसते. तो डोळे उघडल्यापासून कोंबड्यांमध्येच वाढलेला असतो. कुत्र्याच्या पिल्लाचे साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचे वय फार मोलाचे असते. या काळात जे प्राणी सतत दिसतात, त्यांना ते आपल्या जगाचा भाग मानते. शिवाय पिल्लाने आगाऊपणा केलाच, तर पिल्लांची आई असलेली कोंबडी अंगावर धावून जाते आणि नाकावर टोच मारते. ती टोच ते पिल्लू सहसा विसरत नाही. शहरातील सदनिकेत वाढलेल्या तीन वर्षांच्या कुत्र्याने मात्र कोंबडी कधी पाहिलेलीच नसते. गावठी कुत्र्याचा समंजसपणा त्याच्याकडून पहिल्याच दिवशी अपेक्षिणे अन्यायाचे आहे.

ओळख कशी करून द्यावी?

प्रौढ कुत्र्याची ओळख घाईने करून देऊ नये. आधी त्याला भरपूर फिरवून, खाऊ घालून शांत करावे. कोंबड्या जाळीआड आणि कुत्रा पट्ट्याने बांधून आपल्या हातात, अशी सुरुवात करावी. तो कोंबड्यांकडे टक लावू लागला, अंग ताठ झाले, की अंतर वाढवावे. हाक मारताच नजर वळवली, तर लगेच खाऊ द्यावा. रोज दहा-पंधरा मिनिटे असे काही आठवडे केल्यावर, कुत्र्याने दुर्लक्ष करायला सुरुवात केली, तरच जाळी दूर करण्याचा विचार करावा. तोही पट्टा हातात ठेवूनच. सहा महिने नीट वागलेल्या कुत्र्यालाही आपल्या नजरेआड कोंबड्यांसोबत एकटे सोडू नये.

मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधण्याचा उपाय काही जण सांगतात. तो क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. घटनेनंतर काही वेळाने मिळालेल्या शिक्षेचा संबंध कुत्रा आपल्या कृत्याशी जोडू शकत नाही; तो फक्त मालकाला घाबरू लागतो. एकदा कोंबडी मारलेला कुत्रा पुन्हा मारण्याची शक्यता मोठी असल्याने दोघांना कायमचे वेगळे ठेवणे हाच मार्ग उरतो. परंतु म्हणून असा कुत्रा घरातल्या मुलांसाठी धोकादायक ठरतो, असे समजण्याचे कारण नाही.

जाळी आणि आरोग्य

बाजारात मिळणारी षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते. पण ताकदवान कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही. खुराड्याला जाड तारेची वेल्डमेश जाळी लावावी आणि ती फूटभर जमिनीत पुरावी, म्हणजे कुत्र्याला उकरून आत शिरता येणार नाही. रात्री कोंबड्या बंदच असाव्यात.

आरोग्याकडेही दुर्लक्ष नको. कोंबड्यांची विष्ठा खाल्ल्याने कुत्र्याला साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. त्याआधी, 2004 मध्ये, थायलंडमध्ये बाधित बदक खाल्लेला एक कुत्रा याच विषाणूने दगावला होता. त्यामुळे आजाराने मेलेला पक्षी कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. अनेक कोंबड्या एकाएकी मरू लागल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात तातडीने कळवावे.

परसात कोंबड्या पाळण्याचा विचार असेल आणि घरात आधीच कुत्रा असेल, तर क्रम सोपा आहे. आधी मजबूत खुराडे बांधावे, मग कुत्र्याला ‘थांब’ आणि ‘सोड’ हे दोन शब्द पक्के शिकवावेत आणि त्यानंतरच कोंबड्या आणाव्यात. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो आणि त्याची किंमत दोन्ही मुक्या जिवांना मोजावी लागते.