मल्लखांबाचा वाटा

महाकालाची नगरी म्हणून जिची ख्याती आसेतुहिमाचल पसरली आहे, त्या उज्जैनला देशी व्यायामाच्या इतिहासात जे मानाचे स्थान आहे, त्याची वार्ता मराठी वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचते. १९५८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांबाची प्रात्यक्षिके झाली, पुढे जिम्नॅस्टिक्स संघटनेच्या स्पर्धांतून तो वगळला गेला, आणि आश्रय हरपलेल्या या विद्येसाठी जानेवारी १९८१ मध्ये स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धा भरली ती येथील अच्युतानंद गुरुकुल आखाड्याच्या डॉ. बमशंकर जोशी यांच्या खटपटीने.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो: बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’तला उल्लेख, पेशवाईच्या अखेरीस बाळंभट दादा देवधरांनी केलेले पुनरुज्जीवन, आणि १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये घडवलेले दर्शन.

माझा जीव मात्र गुंतला आहे तो प्रत्यक्ष खांबात. सागाचा वा शिसवीचा, तळाशी जाड, वर निमुळता होत जाणारा, माथ्याशी मान आणि बोंड कोरलेला असा हा दीड पुरुष उंचीचा स्तंभ एरंडेलाने इतका गुळगुळीत झालेला असतो की त्यावर टिकायचे ते केवळ पकडीच्या बळावर. येथील एका आखाड्यात संध्याकाळी मी पाहिले, की सलामी देऊन एक परकरी वयाची मुलगी वर चढली, मांडीच्या अढीत खांब धरून तिने दोन्ही हात सोडले, आणि अढी किंचित सैल होताच तिच्या पाठीखाली वस्तादांचा हात आधीच येऊन थांबलेला होता. दसरंग, बगली, फिरकी, सुईदोरा ही सारी संपदा त्या हाताच्या भरवशावर एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्यखेळाचा दर्जा दिला. उज्जैनच्या योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २०२३ च्या आरंभी ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धेतील मल्लखांब याच नगरीत रंगला. केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ‘खेलो इंडिया’साठी १,००० कोटी आणि राष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या साहाय्यासाठी ४०० कोटी रुपयांची तरतूद झाली. परंतु २०१४ पासून चालू असलेली ऑलिंपिक पदकांची खास योजना ऑलिंपिकबाह्य मल्लखांबाला लागू होऊच शकत नाही.

ऑलिंपिक पदकासाठी खर्च व्हावाच. तो राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. तथापि पदक हीच एकमेव कसोटी ठरली, तर जे खेळ आपल्याच मातीत उपजले त्यांच्या वाट्याला उत्सवापुरती मेहरबानी उरते. यास्तव माझे मत असे, की क्रीडानिधीत देशी खेळांची बाब निराळी काढावी आणि तिची वाटणी रोज सरावाला येणाऱ्या मुलांची संख्या व आखाड्याचे सातत्य पाहून जिल्हावार व्हावी. त्यातून प्रथम वस्तादाचे नियमित मासिक मानधन, मग खांब, दोर व गाद्या, त्यानंतर स्पर्धांचा प्रवासखर्च, आणि इमारती सर्वांत शेवटी. भव्य क्रीडासंकुल पुढल्या वर्षीही बांधता येते; वस्ताद एकदा पोटापाण्यासाठी दुसरीकडे गेला की त्याची विद्या कोणत्याही मंजुरीने परत आणता येत नाही.