हिशेबाबाहेरची शर्यत

वेगाची वही : लेखांक ९

मागच्या लेखात आपण मोंझाला थांबलो होतो. ५ सप्टेंबर १९७०, शनिवार, सराव चालू होता. शेवटच्या पॅराबोलिका वळणाआधी फॉर्म्युला वनचा चालक योखेन रिंटने ब्रेक दाबला आणि त्याची लोटस ७२ डावीकडे ओढली जाऊन लोखंडी कठड्यावर आदळली. या गाडीचे पुढचे ब्रेक चाकापाशी नव्हते. ते गाडीच्या अंगात बसवलेले होते आणि एका दांड्याने चाकाला जोडलेले होते. उजवीकडचा तो दांडा तुटला. २८ वर्षांचा रिंट वाचला नाही.

त्याच्या खात्यावर तेव्हा ४५ गुण होते आणि मोंझानंतर मोसमातल्या तीन शर्यती बाकी होत्या. त्याला गाठू शकणाऱ्यांत होता फेरारीचा बेल्जियन चालक जॅकी इक्स. इक्सचे १९ गुण. विजयाला त्या काळी नऊ गुण मिळत. तिन्ही शर्यती जिंकल्या तर बेरीज होणार होती ४६. म्हणजे हयात नसलेल्या माणसाला एका गुणाने मागे टाकणं त्याला शक्य होतं. इक्सने कॅनडा जिंकलं. पुढे अमेरिकेत, वॉटकिन्स ग्लेनला, इंधनाची नळी गळू लागली, तो मागे पडला आणि धडपडत चौथा आला. ती शर्यत जिंकली लोटसच्याच एमर्सन फिटिपाल्डीने. त्या दिवशी रिंटचं अजिंक्यपद नक्की झालं. मरणोत्तर जगज्जेता झालेला फॉर्म्युला वनचा तो आजवरचा एकमेव चालक. इक्सने मेक्सिकोही जिंकलं आणि ४० गुणांवर थांबला. जगज्जेतेपद आपल्याकडे आलं नाही याचं आपल्याला समाधानच वाटतं, असं तो पुढे अनेकदा म्हणाला.

एवढं सगळं पुन्हा सांगितलं, कारण आजच्या शर्यतीचा अर्थ त्यातच आहे. १३ जून १९७१ ला जर्मनीत हॉकेनहाइमला रिंटच्या स्मरणार्थ फॉर्म्युला वन गाड्यांची शर्यत झाली. तिला अजिंक्यपदाचे गुण नव्हते.

आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. आता फॉर्म्युला वन म्हटलं की प्रत्येक शर्यत गुणांचीच. पण १९७१ मध्ये अजिंक्यपदासाठी ११ शर्यती झाल्या आणि त्यांच्याशिवाय आणखी आठ बिनगुणांच्या. आयोजक संघांना हजेरीचे पैसे देत, लोक तिकीट काढून येत, संघांना नवा सुटा भाग किंवा नवा चालक आजमावून बघता येई. आपल्याकडे गावोगावच्या कबड्डी सामन्यांना ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असा फलक असतो. त्या सामन्यांचा राज्याच्या क्रमवारीशी संबंध नसतो, तरी मैदान भरतं. ही शर्यत त्याच जातीची.

हॉकेनहाइमच का? रिंट जन्मला जर्मनीतल्या माइन्झमध्ये, १९४२ साली. पुढच्याच वर्षी हॅम्बुर्गवरच्या बॉम्बहल्ल्यात आईवडील गेले. आजी-आजोबांनी त्याला ऑस्ट्रियातल्या ग्राझला वाढवलं. नागरिकत्व जर्मन आणि शर्यतीचा परवाना ऑस्ट्रियाचा, अशी दोन्ही देशांनी आपला म्हणावी अशी त्याची स्थिती. शिवाय त्याचा शेवटचा विजय इथलाच होता. ऑगस्ट १९७० ची जर्मन ग्रां प्री नुरबुर्गरिंगला व्हायची होती. तिथली सुरक्षा पुरेशी नाही म्हणून चालकांनी नकार दिला आणि शर्यत हॉकेनहाइमला आली. लांब सरळ रस्त्यांवर रिंट आणि इक्स पुन्हा पुन्हा एकमेकांना मागे टाकत राहिले. ५० फेऱ्यांनंतर रिंट जिंकला, तो एका सेकंदाहूनही कमी फरकाने.

त्याच जंगलातल्या रस्त्यावर एप्रिल १९६८ मध्ये चालक जिम क्लार्क अपघातात गेला होता. त्यानंतर तिथे कठडे आले, वेग मोडणारी वळणं घातली गेली. माझ्या मते या मैदानाने क्लार्कला दिलेला खरा मान तोच होता. पुष्पचक्र कुणीही वाहतं. कठडा बसवायला पैसा लागतो आणि आधीचं चुकलं होतं हे मान्य करावं लागतं.

स्मृतिशर्यतीत ३५ फेऱ्या होत्या, एक फेरी पावणेसात किलोमीटरहून थोडी जास्त. जॉन सर्टीस स्वतःच्या नावाची गाडी घेऊन तिसरा आला. दुचाकी आणि चारचाकी अशा दोन्ही शर्यतींचं जगज्जेतेपद मिळवणारा हा एकमेव माणूस. दुसरा आला मार्च गाडीतला स्वीडनचा रॉनी पीटरसन. आणि जिंकला जॅकी इक्स.

या निकालापाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. दहा महिन्यांपूर्वी याच रस्त्यावर जो रिंटकडून हरला, ज्याला रिंटच्या पश्चात त्याचं पद घेता आलं असतं आणि ते न मिळाल्याचं ज्याला समाधान वाटलं, तोच रिंटच्या नावाचा चषक घेऊन उभा होता. गुण असते तर हा विजय कोष्टकातला एक आकडा झाला असता. गुण नव्हते, म्हणून तो रिंटला वाहिलेला राहिला. आठवड्याने झांडफोर्टच्या पावसात इक्सने गुणांची डच ग्रां प्रीही जिंकली. पण त्या वर्षातला इक्सचा कुठला विजय मोठा, असं मला विचाराल तर मी हॉकेनहाइमचं नाव घेईन.

त्या रविवारी दोन मोठी नावं हॉकेनहाइमला नव्हती. पेद्रो रॉद्रिगेझ आणि जो सिफर्ट फ्रान्समध्ये ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत पोर्शे चालवत होते. चारच आठवड्यांनी, ११ जुलैला, रॉद्रिगेझ जर्मनीतच नोरिसरिंगला मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर त्या वर्षीची मेक्सिको ग्रां प्री रद्द झाली. मोसमात पडलेल्या त्या मोकळ्या जागी जॅकी स्ट्युअर्टच्या जगज्जेतेपदाच्या आनंदात इंग्लंडमध्ये, ब्रँड्स हॅचला, आणखी एक बिनगुणांची शर्यत ठेवली गेली. तारीख २४ ऑक्टोबर १९७१. तिथे सिफर्टची गाडी पेटली आणि जवळची अग्निशामक यंत्रं चाललीच नाहीत.

गाडीत अग्निशामक आणि शिरस्त्राणात हवेची नळी सक्तीची कशी झाली, ते पुढच्या लेखात.