निद्रेचे भय

हुगळीच्या पूर्वतीरावर वसलेल्या बराकपूरच्या जुन्या छावणीत, पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडलेल्या माझ्या काकांच्या शुश्रूषेसाठी मुक्काम पडला असता, या व्याधीत रात्र किती अवघड असते, हे मी जवळून पाहिले. दिवसा औषधे, व्यायाम आणि भेटीस येणारी मंडळी यांत मन गुंतून राही. दिवे मालवले की काकांचा डावा हात पलंगाची कड घट्ट धरी, आणि डोळा लागतो न लागतो तोच ते दचकून जागे होत. 'झोपलो... तर?' एवढेच शब्द त्यांच्या जड जिभेवर येत. त्यांची भीती निराधार नव्हती. त्यांना झटका झोपेतच आला होता, आणि पक्षाघाताच्या साधारण पाच रुग्णांपैकी एकाला तो असाच सकाळी जाग आल्यावर उमगतो.

रात्रपाळीची आया मोठ्या निगुतीने काम करी. दर दोन तासांनी कूस बदलताना लुळा हात न ओढता ती खांद्याच्या पात्याखाली तळवा सरकवी, गुडघा वाकवून अंग हलकेच वळवी आणि पाठीशी उशी लावी. घोरता घोरता श्वास मध्येच अडखळला, तर ती वेळेसह टिपून ठेवी. पक्षाघाताच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत झोपेत श्वास अडखळण्याचा हा विकार आढळतो. त्यामुळे रक्तातील प्राणवायू घटतो, रक्तदाब चढतो आणि पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो. म्हणूनच अशा रुग्णास झोपेची गोळी परस्पर देऊ नये. आयाच्या टिपणावरूनच डॉक्टरांनी काकांच्या निद्रातपासणीची तजवीज केली.

काका दचकले की ती विचारी, 'काकाबाबू, भॉय कोरछे?' (भीती वाटते का?) आणि उत्तर उमटेपर्यंत स्वस्थ थांबे. घरची माणसे मायेपोटी 'काही होत नाही, झोपा' म्हणत, तेव्हा काका तोंड फिरवीत. तिच्या प्रश्नाला मात्र मान हलवून होकार देत, आणि ती पहाटेपर्यंत जागी राहणार असल्याचे तिने सांगितले की पलंगाच्या कडेवरील पकड सैल होई.

मृत्युभयाची मोजणी करण्यासाठी मानसशास्त्रज्ञ टेम्पलर यांनी 1970 मध्ये पंधरा विधानांची प्रश्नावली रचली. निद्रेच्या प्रतीची पिट्सबर्ग येथील मोजपट्टी 1989 सालची. साधने उपलब्ध असूनही काकांच्या नोंदवहीत रक्तदाब व साखर यांचे रकाने होते, भय आणि झोप यांचे नव्हते. भीती वाटते का आणि झोप कशी लागली, हे दोन प्रश्न प्रत्येक पक्षाघाती रुग्णाला रोज विचारले जावेत, आणि त्याची वाचा गेली असल्यास खुणेने दिलेले उत्तरही औषधाच्या मात्रेइतक्याच दक्षतेने नोंदले जावे.