मोठ्या कुत्र्यांचे घशाचे व श्वासाचे विकार

शेतकऱ्याच्या घरीं बैल, गाय व म्हैस यांच्या दुखण्याची जितकी काळजी वाहिली जाते, तितकी राखणीच्या कुत्र्याची वाहिली जात नाहीं. वास्तविक रात्रीं मळ्यावरील खळें, विहिरीवरील पंप व शेळ्यांचा वाडा यांची राखण तोच करितो. अलीकडे गांवठी व कारवानी कुत्र्यांच्या जोडीस लॅब्राडोर, अल्सेशियन, ग्रेट डेन अशा थोराड परदेशी जातीही मळ्यांवर दिसूं लागल्या आहेत. अशा कुत्र्यास श्वास लागला, खोकला आला अथवा त्याच्या तोंडांतून लाळ गळूं लागली, कीं घरांतील सर्वांचा एकच निर्णय होतो: "घशांत हाड अडकलें." आणि लगेच कोणी तरी धीट माणूस त्याचा जबडा फांकून आंत हात घालतो.

ही चाल बंद व्हावी, हा या लेखाचा मुख्य हेतु होय. जागेची पाहणी झाल्यावांचून पंचनामा लिहूं नये, असा महसुली दफ्तरांतील नियम आहे. आमची नोकरी त्याच नियमाखालीं गेली; कुत्र्याच्या दुखण्यासही तोच लावावा, असें आम्हांस वाटतें.

हात घालण्यापूर्वीं

पिसाळलेला कुत्रा म्हणजे जो दिसेल त्यास चावत सुटतो तो, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धवट आहे. रेबीज रोगाच्या मुक्या प्रकारांत कुत्रा कोणाच्या अंगावर जात नाहीं. तो कोपऱ्यांत निपचित पडतो. त्याचे घशाचे व जबड्याचे स्नायु लुळे पडतात, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, आणि पाण्यास तोंड लावलें तरी घोट उतरत नाहीं. घशांत हाड अडकलेल्या कुत्र्याशीं हें चित्र इतकें जुळतें, कीं पाहणारा सहज फसतो. अशा कुत्र्याच्या लाळेंत रोगाचे विषाणु असतात; आणि शेतांत राबणाऱ्या हातावर एखादी चीर वा खरचटें नाहीं, असा दिवस विरळाच.

माणसांत हा रोग एकदां प्रकट झाला, म्हणजे रोगी सहसा वांचत नाहीं. तत्पूर्वीं मात्र तो टाळतां येतो. १८८५ सालीं लुई पाश्चर यांनीं जोसेफ मायस्टर नांवाच्या, कुत्रा चावलेल्या मुलास लस टोंचली व तो मुलगा जगला. तेव्हांपासून हा उपाय जगास ठाऊक आहे. सबब, संशयित कुत्र्याच्या तोंडांत हात गेलाच असेल तर तो साबण लावून वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवावा. हळद, चुना, तिखट वगैरे कांहीं लावूं नये. आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस सुरू करावी. जखम असल्यास तींत आणखी एक औषध टोंचावें लागतें, तें डॉक्टर ठरवितील. कुत्र्यासही तिसऱ्या महिन्यापासून लस टोंचून घेऊन पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती चालू ठेवावी. तथापि लस टोंचलेली असली तरी लोंबता जबडा दिसतांच हात दूर ठेवावा.

खरोखरच कांहीं अडकलें असतां

अडकलेल्या वस्तूचें दुखणें एकाएकीं, बहुधा खातांना वा खेळतांना सुरू होतें. कुत्रा पुढील पंजांनीं तोंड ओरबाडतो, मान ताणतो व वारंवार गिळतो. शिजविलेलें हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोंकदार चिपा निघतात, म्हणून तें कुत्र्यास घालूं नये. दोरा वा गळाची दोरी तोंडाबाहेर लोंबत असल्यास ओढूं नये; आंतील कांटा अधिक रुततो. श्वास अगदींच कोंडून जीभ निळी पडली असेल, तर कुत्र्यास मागून कवळून शेवटच्या फांसळीमागें पोटावर, आंत व पुढच्या दिशेस, झटक्यानें दाब द्यावा. यांत हात तोंडापासून दूर राहतो.

आवाज बसलेला म्हातारा कुत्रा

मोठ्या जातींचा खास असा विकार म्हणजे स्वरयंत्राचा पक्षघात होय. श्वासनलिकेच्या तोंडाशीं दोन कूर्चा असतात. पाटाच्या तोंडावरील फळ्यांप्रमाणें त्या श्वास घेतांना बाजूस सरतात व गिळतांना मिटतात. त्यांस हलविणारा मज्जातंतु मानेंतून छातींत उतरतो, तेथें वळसा घेतो व पुन्हां घशापर्यंत वर येतो. मोठ्या कुत्र्यांत ही वाट फार लांब असते, आणि उतारवयांत असे लांब तंतु आधीं निकामी होतात. मग फळ्या उघडेनाशा होतात.

वृद्ध लॅब्राडोर कुत्र्यांत हा विकार विशेष आढळतो. प्रथम भुंकणें घोगरें होतें. मग श्वास आंत घेतांना करवतीसारखा आवाज येतो. पाणी पितांना ठसका लागतो. पुढें पुष्कळदां मागील पायही अशक्त होतात. हें सर्व महिनोगणती हळूहळू चालतें. परंतु एखाद्या उकाड्याच्या दिवशीं कुत्रा जोरानें श्वास ओढूं लागतो, ओढीनें फळ्या अधिकच मिटतात, घसा सुजतो, आणि घटकाभरांत प्राणावर बेततें. भुंकत नाहीं म्हणून अशा इमानी कुत्र्यास कामचुकार ठरवून हांकून देणें, हा आमच्या मतें मोठाच अन्याय आहे. गळपट्ट्याऐवजीं छातीचा पट्टा, शरीराची चरबी कमी करणें, आणि सकाळीं अथवा सायंकाळीं थंड वेळींच फिरविणें, यांनीं सौम्य विकार सुसह्य होतो. वाढलेल्या विकारांत शस्त्रक्रियेनें एका बाजूची फळी टांक्यांनीं कायमची उघडी ठेवितात. त्यानंतर अन्न फुप्फुसांत जाण्याचा धोका राहतो, म्हणून जेवूं घालण्यांत जन्मभर सावधगिरी लागते.

घसा निर्दोष असूनही

कित्येकदां घशांत कांहींच दोष नसतो. खोल छातीच्या ग्रेट डेन, अल्सेशियन यांसारख्या कुत्र्यांचें पोट वायूनें फुगून त्यास पीळ पडतो. कुत्रा कोरड्या ओकाऱ्या काढतो, पण बाहेर फेंसाखेरीज कांहीं पडत नाहीं. पोट नगाऱ्यासारखें ताणतें. ही घटका-दोन घटकांचीच मुदत समजून तत्काळ शस्त्रक्रिया होईल तेथें न्यावें.

शेणकिडे खाणाऱ्या कुत्र्यांच्या पोटांत एका जंताची अळी जाते व अन्ननलिकेंत गाठी बनतात. गिळतांना दुखतें, खाल्लेलें तसेंच बाहेर येतें. नागाच्या विषानें घशाचे व श्वासाचे स्नायु लुळे पडतात. कांहीं कीटकनाशकांनीं लाळ सुटते, अंग कांपतें, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोंकाएवढ्या होतात. फवारणीचीं भांडीं उघडीं टाकणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. कोरडा, हंसासारखा खोकला दुसऱ्या कुत्र्यांच्या सहवासानंतर जडला असेल तर तो बहुधा सांथीचा. आणि रात्रीं पडल्यावर वाढत असेल तर हृदयाची परीक्षा करवावी.

उन्हाचा झटका तर आपल्या मुलखांत नित्याचाच. कुत्र्यास घाम जवळजवळ येत नाहीं. तो जीभ काढून धापा टाकून अंग निववितो. त्याची प्रकृतिमान उष्णता सुमारें १०१ ते १०२॥ अंश फॅरनहाइट असते. १०६ च्या वर जाणें प्राणघातक होय. सावलींत घेऊन अंगावर पाणी ओतीत वारा घालावा, आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. घशांत बळेंच पाणी ओतूं नये.

पाहणी कशी करावी

पशुवैद्यास सांगण्यासाठीं चार गोष्टी टिपून ठेवाव्या. दुखणें एकाएकीं आलें कीं हळूहळू. आवाज श्वास आंत घेतांना होतो कीं सोडतांना. हिरड्या गुलाबी आहेत, निळ्या आहेत कीं पांढऱ्या. आणि निजलेला असतां मिनिटास किती श्वास होतात. ३० हून अधिक असल्यास दाखविण्यास विलंब करूं नये. माणसाच्या तापाच्या वा ठणक्याच्या गोळ्या कुत्र्यास देऊं नयेत. त्यांतील कित्येक त्यास विषासमान आहेत.

लोंबता जबडा, निळी जीभ, ताणलेलें पोट वा सर्पदंशाचा संशय, यांपैकीं कांहींही दिसल्यास टिपणाचें काम वाटेंतच करावें. इतर प्रसंगीं डोळ्यांनीं पाहावें, कानांनीं ऐकावें, व हात मात्र आपल्याजवळच ठेवावा, इतकीच आमची वाचकबंधूंस विनंति आहे.