शल्यविशारदाचा वाटाड्या

गेल्या दिवाळीत जुन्या शहरातल्या आमच्या घरी एकाच गोष्टीचा खल चालला होता. माझा चुलतभाऊ (आम्ही त्याला दादा म्हणतो) पुण्यातील कंपनी सोडून मुंबईच्या एका संशोधन-प्रकल्पात जायचे म्हणत होता. जागा सॉफ्टवेअर इंजिनियरची, काम शस्त्रक्रियेतील दिशादर्शनाचे. पगार निम्मा आणि करार एका वर्षाचा. काकांनी कपाळाला हात लावला. मी पडलो कला शाखेचा. तरी दादाकडून जे समजले ते येथे मांडतो.

मेंदूतील गाठ वरून दिसत नाही. १९०८ साली लंडनच्या हॉर्स्ली आणि क्लार्क यांनी प्राण्यांच्या डोक्यावर बसवायची मोजमापाची चौकट केली. स्पीगेल आणि वायसिस यांनी १९४७ मध्ये ती पद्धत माणसासाठी आणली. १९७१ मध्ये सी.टी. स्कॅन आला. आता चौकटीवाचूनही काम होते. अवजाराला लावलेले चकाकणारे गोळे अवरक्त कॅमेरे टिपतात आणि अवजाराचे टोक कोठे आहे ते संगणक स्कॅनच्या चित्रावर दाखवतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी यंत्रमानवावर काम झाले आहे.

खरी मेख आहे ती चित्र आणि रोगी यांची जुळणी करण्यात. दादाने अकोल्याचा नकाशा घेतला. "असदगड आणि राजराजेश्वराचं मंदिर जुळवलं, की जुनं शहर बरोबर बसतं. पण नकाशा केसभर फिरला असेल, तर तिकडे शिवणीचं विमानतळ कुणाच्या तरी वावरात जाऊन पडेल!" डोक्याचेही तेच. चेहऱ्यावरच्या खुणा छान जुळल्या म्हणून आतली गाठ जुळलीच असे नाही. एका अंशाची चूक दहा सेंटिमीटर अंतरावर पावणेदोन मिलिमीटर होते. शिवाय कवटी उघडली की मेंदू थोडा खाली बसतो आणि काल काढलेले चित्र शिळे होते.

मुलाखतीत नेमके हेच विचारले होते. खुणांची जुळणी उत्तम आली, आता शल्यविशारदाला काय सांगाल? सी प्लस प्लस आणि गणित येणारे उमेदवार पुष्कळ असतात. पडद्यावर "येथे खात्री नाही" असे लिहिणारा माणूस त्यांना हवा होता.

आजी इतका वेळ वाती वळत ऐकत होती. "अन् कॉम्प्युटर चुकला तं मंग?"

"चुकते नं आजी. किती चुकला थे डॉक्टरले अगुदर सांगाचं, थेच माह्यं काम."

मला मात्र काकांचेही पटते. असे सॉफ्टवेअर पारखायला वर्षे लागतात आणि माणूस नेमायचा तो वर्षावर्षाने! तो गेला, की त्याने काय लिहून ठेवले हे उमगेपर्यंत नव्या माणसाचे वर्ष सरते.

जानेवारीत दादा रुजू झाला. पहिल्या आठवड्यात त्याने एक ओळही लिहिली नाही. शस्त्रक्रियागृहात एका कोपऱ्यात उभे राहून डॉक्टर पडद्याकडे केव्हा पाहतात, तेवढेच तो टिपत होता. काका अजून दर महिन्याला पगार विचारतात.