सेवा करणारणीचा शीण

दुसऱ्याच्या दुखण्यात राबणाऱ्या माणसाचा जीव कधी कधी इतका मेटाकुटीला येतो की, दारावर थाप पडली तरी छातीत धस्स होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ह्या शिणाची नोंद केली, ती रोग म्हणून नव्हे, तर कामातून उपजणारी अवस्था म्हणून. हा भेद ध्यानात घ्यावा. कारण आपण दोष नेहमी माणसाच्या मनाला देतो.

चोपडा, शिरपूर, साक्री ह्या तालुक्यांतील आशाताईच पाहा. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून हे पद आले. साधारण हजार वस्तीमागे एक ताई. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिने ४२ दिवसांत ६ खेपा घालावयाच्या. खानदेशातला मे महिना असला म्हणून त्या चुकत नाहीत. सरकारदरबारी ती नोकर नव्हे, स्वयंसेविका; मोबदला बराचसा कामागणिक. मग 'आज नाही जमत' म्हणावे कसे? आणि एखादे बाळ दगावले तर त्याची नोंद होते. ताईला त्या रात्री झोप लागली काय, हे कोण विचारतो?

'ध्यान करा' हा सल्ला वाईट नाही, पण फार स्वस्त आहे! त्याने खेपा कमी होत नाहीत. त्यापेक्षा बैठकीत आकडे सांगून झाले की, गटप्रवर्तक बाईंपुढे आपल्याला जड जाणारे एक घर मोकळेपणी मांडावे. शेजारगावच्या ताईशी अडीअडचणीची पाळी ठरवावी. शहरात आजारी सासऱ्यांपाशी रात्री जागणाऱ्या सुनेलाही हेच लागू. तिची पाळी मात्र घरच्या पुरुषांनी घ्यावयाची आहे. झोप, भूक आठवडेच्या आठवडे हरवली, तर डॉक्टरांना दाखवावे, किंवा २०२२ पासून चालू असलेल्या 'टेलिमानस'च्या १४४१६ ह्या क्रमांकावर बोलावे. तेथे पैसे पडत नाहीत, आणि मराठीतून बोलता येते.